वीसपैकी वीस

२ जानेवारी

संकल्प काल करायचे होते, पण काल घरी पाहुणे होते. आज करते.

एक: मुलांना आकड्यांनी मोजणार नाही. दोन: नववीच्या एकतीसही मुलांबद्दल स्वतंत्र, खरा शेरा लिहीन. रोज तीन लिहिले तर अकरा दिवसांत संपतात. तीन: रोज स्वतःलाही वीसपैकी गुण देईन. जे मुलांना सांगायचं ते आपण आधी करावं.

आज शाळेत जुनी प्रगतिपुस्तकं चाळली. माझ्या आधी गणिताला जे सर होते, त्यांनी अकरा वर्षं प्रत्येकाला एकच शेरा दिला आहे: 'प्रगती समाधानकारक.' ऑगस्टमध्ये शाळा सोडून गेलेल्या मुलाचीही मार्चमध्ये प्रगती समाधानकारक. मला रडू आलं. हे दोन शब्द मी आयुष्यात कधी लिहिणार नाही. बी.एड.ला मूल्यमापनाच्या पेपरात मला शंभरपैकी एक्क्याण्णव होते, कॉलेजात सर्वांत जास्त. त्यामुळे ही जबाबदारी माझ्यावरच येते.

आजचे गुण: १८. (दोन कमी, कारण गर्व नको.)

७ जानेवारी

मुख्याध्यापक तळवडेकर सरांना योजना सांगितली. नववीला गणितात लेखी ऐंशी आणि अंतर्गत वीस गुण. हे वीस शिक्षकाच्या हातात असतात. ते मी मुलांच्या हातात देणार. स्वयंमूल्यमापन पत्रक: प्रत्येकाने स्वतःला वीसपैकी गुण द्यायचे आणि खाली कारण लिहायचं.

सर फोनवर कुणाला तरी आंब्याच्या कलमांच्या फवारणीचं सांगत होते. माझं बोलून झाल्यावर म्हणाले, "बरं बरं, करा. फक्त माझ्यापर्यंत काही येऊ देऊ नका." पूर्ण पाठिंबा! असे मुख्याध्यापक मिळायला भाग्य लागतं.

क्लार्क बाबली शेजारच्या टेबलावर हसत होता. म्हणाला, "मॅडम, कोंब्याक इचारून कोण मसालो वाटता?" त्याला शिक्षणशास्त्र कळत नाही. त्याचा दोष नाही.

आजचे गुण: १९.

१५ जानेवारी

वर्गात योजना सांगितली. देवेशने लगेच हात वर केला (एरवी तो जांभई द्यायलाच हात वर करतो). "मॅडम, म्हणजे आमची मार्कां आमीच घालूची?" म्हटलं, हो. "आणि मगे तुमी ती बदलतलास नाय मा?" म्हटलं, एकही नाही. माझा शब्द. वर्गात टाळ्या. गणिताच्या तासाला टाळ्या!

तास संपल्यावर अनुजा टेबलापाशी आली. "मॅडम, खरां लिवलां आणि कमी पडली तर?" मी तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं, प्रामाणिक माणसाचं कधी नुकसान होत नाही. मी आहे ना.

तिची काळजी मला माहीत आहे. आई आनंदीबाई काजूच्या फॅक्टरीत. मामा नालासोपाऱ्याला, त्यांना दसऱ्याला जुळी झाली, तेव्हापासून मामाचा धोशा की पोरीला पाठव. आनंदीबाईने सरळ हिशेब घातला आहे: पास झाली तर शाळा, नापास झाली तर पाळणा. अनुजा कष्टाळू आहे, पण भूमितीत अडते. शनिवारपासून तिच्यासाठी जादा तास घेणार. ठरलं.

आजचे गुण: २०.

२० जानेवारी

शनिवारचा जादा तास झाला नाही. मला कणकवलीला ट्रेनिंग होतं. विषय: 'प्रत्येक विद्यार्थ्याकडे वैयक्तिक लक्ष'. फार उपयुक्त. जेवण बरं होतं.

शेरे: चार झाले. हिशेबाने सत्तावन्न व्हायला हवे होते, पण वर्गात मुलंच एकतीस असल्यामुळे मी फार मागे नाही.

१७.

१ फेब्रुवारी

पालकसभा. घटक चाचणीचे गुण न देता पालकांच्या हाती शेरे दिले. जे लिहून झालेत ते. देवेशचा अकरा ओळींचा आहे, त्यावर मी एक अख्खा रविवार घालवला होता. त्याचे वडील मंगेश यांनी तो वाचला, कागद उलटा केला, पुन्हा सुलटा केला. म्हणाले, "मार्कां पाठीमागे आसत काय?" मी समजावलं की मूल म्हणजे आकडा नव्हे. म्हणाले, "तां बरा. पण पास काय नापास?"

एक आई मुलाच्या शेऱ्याच्या पहिल्या दोन ओळींतच रडायला लागली. एवढं लांब लिहिलंय म्हणजे झीलान कायतरी मोठा केला असणार, असं तिला वाटलं. तिला पाणी दिलं.

आनंदीबाईला वाचून दाखवलं. अनुजाबद्दल मी लिहिलं होतं: 'शांत पाण्याखाली विचारांचा खोल प्रवाह.' आनंदीबाईने कागद हातात घेऊन पाहिला. मग म्हणाली, "म्हणजे चेडू बुडतला काय गो बाय?"

समाजाची तयारी व्हायला वेळ लागतो. १७.

१७ फेब्रुवारी

शेरे: नऊ. नवव्याला शब्द सुचेनात. 'प्रगती चांगली होत आहे' असं एक लिहिलं. ते वेगळं आहे.

अनुजा विचारत होती, मॅडम, जादा तास कधी? म्हटलं, पुढच्या शनिवारी नक्की.

२ मार्च

शेरे संपले! बावीस जणांना शेवटी 'प्रगती समाधानकारक' लिहिलं. पण मी ते विचार करून लिहिलं. आधीचे सर विचार न करता लिहीत. फरक मोठा आहे.

जादा तास: शनिवारी माझा घसा बसला होता.

१६. (डोकं दुखतंय.)

१४ मार्च

काल शिमग्याच्या मांडावर अख्खा गाव जमला असताना एक गोष्ट झाली. तशी क्षुल्लक आहे, पण लिहून ठेवते.

मांडावर गाऱ्हाणं घालायचा मान आमच्या बाबांकडे आहे. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढे गेलं नाही, पण देवाशी बोलायला भिकाजीच लागतो, असं गावात म्हणतात. मी पदवीधर झाल्यापासून बाबा मला लोकांसमोर 'मॅडम' म्हणतात. म्हणू नका म्हटलं तरी म्हणतात.

तर बाबांनी नारळ हातात घेतला आणि सुरू केलं. पावसाचं झालं, रोगराईचं झालं, मुंबईकरांच्या नोकऱ्यांचं झालं. माणसं प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा!" म्हणत होती. आणि मध्येच बाबा म्हणाले, "आमच्या हायस्कुलात माझा चेडू नववीक गणित शिकयता. तेच्या हातासून गावातला एकय पोर नापास होता नये रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सर्वांत मोठा आवाज माझा होता.

चार वर्षांची असल्यापासून म्हणते आहे. तोंडातून निघून गेलं. लक्षात येईपर्यंत बाबा कुणाच्या तरी विहिरीच्या पाण्यावर पोहोचले होते. त्यालाही व्हय म्हटलं. मागून देवेशचे वडील कुणाला तरी सांगत होते, "आयकलास मा? मॅडम स्वता व्हय म्हणाली."

घरी येऊन शांतपणे विचार केला. 'नापास होता नये' याचा खरा अर्थ 'सगळ्यांना गणित यावं' असाच होतो. तेवढ्याला माझा होकार आहेच. बाबांनी मला विचारायला हवं होतं, हे मात्र खरं.

१७.

२४ मार्च

स्वयंमूल्यमापन पत्रकं आली. एकतीसपैकी तीस मुलांनी स्वतःला वीसपैकी वीस दिले. तीस! जानेवारीत फळ्यापाशी यायला घाबरणारी हीच मुलं. अडीच महिन्यांत केवढा हा आत्मविश्वास!

कारणंही वाचण्यासारखी आहेत. देवेश लिहितो: 'मला माझ्याबद्दल आदर आहे.' एकीने लिहिलंय: 'मी रोज येते.' बऱ्याच जणांनी 'माझी प्रगती समाधानकारक आहे' असं लिहिलंय. हे शब्द यांना मिळतात कुठून?

अनुजाने स्वतःला तीन दिले. कारण: 'समीकरण जमते. टक्केवारी जमते. भूमितीची सिद्धता पाठ करते, पण समजत नाही. मॅडम समजले का विचारतात तेव्हा मी हो म्हणते. म्हणून सतरा कमी.'

मुद्देसूद लिहिलंय. पण दृष्टिकोन नकारात्मक. तिच्याशी बोलायला हवं. आज स्टाफ मीटिंग होती.

१९.

१७ एप्रिल

परीक्षा झाली. पेपर तपासते आहे. फार उकडतं. लेखीत मुलांचा आत्मविश्वास पत्रकांइतका दिसत नाही. परीक्षापद्धतच सदोष आहे, हे मी आधीपासून म्हणत होते.

२५ एप्रिल

बेरजा केल्या. दोनदा केल्या.

देवेश: लेखी ऐंशीपैकी पंधरा, अंतर्गत वीस. पस्तीस. पास.

अनुजा: लेखी अठ्ठावीस. लेखीत वर्गात सहावी. अंतर्गत तीन. एकतीस. चार गुणांनी नापास.

एकतीस मुलांत नापास एकच, ती अनुजा.

अर्धा तास असाही विचार केला की त्या तिसांचे वीस कमी करावेत. पण मग तीसच्या तीस पालक. शिवाय मी शब्द दिला आहे की एकही गुण बदलणार नाही. शब्द म्हणजे शब्द. आणि अनुजाला चार वाढवून दिले तर तिच्या प्रामाणिकपणाचा अपमान होईल. असं एकदा सुरू झालं की मूल्यमापनाला अर्थ राहत नाही. तिला हे समजेल. समजूतदार आहे.

१८. निर्णय कठीण होता.

२८ एप्रिल

तळवडेकर सरांनी बोलावलं. निकालपत्रक समोर होतं. आधी ऑफिसातल्या भाषेत सुरुवात केली, की मॅडम, एकच विद्यार्थिनी अनुत्तीर्ण दाखवण्यामागचं प्रयोजन काय? मी तात्त्विक भूमिका मांडायला घेतली. दुसऱ्या वाक्याला सर मालवणीवर आले. "अगो, एकटीसाठी फेरपरीक्षा, पेपर काढा, अहवाल धाडा, आणि तां सगळा मे म्हयन्यात! मे म्हयन्यात मी आंब्यात असतंय की शाळेत?"

मी आठवण करून दिली की सात जानेवारीला त्यांनी मला पूर्ण पाठिंबा दिला होता. सरांना आठवेना. बाबली म्हणाला, "फवारणीचा आठावता."

चार मार्क द्या नि मोकळ्या व्हा, असं सर म्हणाले. मी नाही म्हटलं. मान ताठ ठेवून बाहेर आले. छत्री आतच राहिली, उन्हातून घरी आले.

पहिला विश्वासघात. १९.

२९ एप्रिल

दुसरा घरातच.

आनंदीबाई संध्याकाळी आमच्या अंगणात येऊन बसली. निकाल तिला बाबलीकडून कळला असणार; तो कुठेही गप्प बसत नाही. ती भांडली असती तर बरं झालं असतं. नुसती म्हणाली, मामाचा फोन इलोलो, रविवारी न्यायला येतो म्हणालाय. मग बाबांकडे बघून म्हणाली, "भिकाजीनू, तुमी गाऱ्हाणा घातलास. सगळ्यांची पोरां पास. माझ्या चेडवाक देवान आयकूक नाय, की तुमच्या चेडवान?"

बाबा तिला तिठ्यापर्यंत सोडून आले आणि माझ्याशी बोलेनात. आईने ताट वाढलं तरी बोलेनात. शेवटी म्हणाले, "देवासमोर व्हय म्हटलंस. आता नाय म्हणतस." म्हटलं, बाबा, ते सवयीनं निघालं तोंडातून. म्हणाले, "सवयीनच म्हणतत सगळे. थंय काय कोण इचार करून म्हणता?"

आई म्हणाली, "तुकाय दहावीक बाईनी चार मार्कां वाढवन दिल्यानी म्हणान तू आयज मॅडम झालंस." हे मला आजपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं! म्हटलं, ते वेगळं, ती माझी क्षमता ओळखून दिली असणार. आई भांडी घासायला गेली.

ज्या घरासाठी मी पदवीधर झाले, त्या घरात मला एकटीला कुणी समजून घेत नाही.

१८.

३० एप्रिल

सरांनी तोडगा काढला. माझा शब्द की मी गुण बदलणार नाही. मग मी नकोच. अनुजाच बदलेल. नवीन पत्रक, नवीन आकडा, सही तिची. तत्त्वही राहतं, आंबेही राहतात. हे वाक्य बाबलीचं.

केबिनमध्ये सर, बाबा, आनंदीबाई, अनुजा, मी. बाबलीने कोरं पत्रक आणि पेन अनुजासमोर ठेवलं. तिने ते बराच वेळ पाहिलं. मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "मॅडम, काय लिवू?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, तुझ्या मनाला विचार.

ती म्हणाली, "मनाक इचारूनच तीन लिवलेले."

पंखा कटकट करत होता. मी खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर काही नव्हतं, तरी पाहिलं.

तिने वीस लिहिले. सात लिहिले असते तरी ती पास झाली असती, आणि हे तिला कुणी सांगितलं नाही. मला सुचलं होतं, पण तोपर्यंत तिने लिहून टाकलं होतं. कारणाच्या रकान्यापाशी ती थांबली. बाबलीला विचारलं, बाकीच्यांनी काय लिवलाहा? त्याने गठ्ठ्यातलं एक काढून समोर धरलं. तिने बघून उतरवलं: 'माझी प्रगती समाधानकारक आहे.' अक्षर नेहमीसारखंच सुरेख.

आनंदीबाईने पदर तोंडाला लावला. बाबांनी तिथेच उभ्या उभ्या देवाला हात जोडले. सर घड्याळ बघत म्हणाले, झालं ना? अनुजाने पेनाला टोपण लावून ते बाबलीला परत दिलं.

मी यातलं काहीच केलेलं नाही. एकही गुण बदलला नाही.

१६. नाही, १७.

१ मे

झेंडावंदन. निकाल. नववी शंभर टक्के. सरांनी माझं माइकवर कौतुक केलं, 'उपक्रमशील शिक्षिका' म्हणाले. पालकांनी पेढे दिले. देवेशच्या वडिलांनी दोन दिले. "देवाक दिलेलो शबूद पाळलास हां मॅडम."

खचून जायचं नाही. मुलांना 'शिक्षक मूल्यमापन पत्रक' वाटलं. आता तुम्ही मला वीसपैकी गुण द्या, कारणासह, अगदी प्रामाणिकपणे, मी काही लपवत नाही, असं सांगितलं. निदान मुलांकडून तरी मला खरं कळेल.

३ मे

तीस पत्रकं परत आली नाहीत. एक मैदानात सापडलं. मागच्या कोऱ्या बाजूवर क्रिकेटचा स्कोअर मांडलेला होता. पुढच्या बाजूला काही नव्हतं.

सकाळी इथे, या पानावर, मला फसवणाऱ्यांची यादी करायला घेतली होती. तळवडेकर सर. बाबा. बाबली. ती तीस मुलं. आई (दहावीच्या मार्कांचं इतकी वर्षं लपवल्याबद्दल). यादी करताना खूप शांत वाटत होतं.

तेवढ्यात अनुजा आली. आनंदीबाईने द्रोणभर करवंदं पाठवली होती. मामाला नाही म्हणून कळवलंय म्हणे. आणि पत्रक. एकतिसांतलं तेवढं एकच परत आलं. पाठकोऱ्या कागदाखाली धरून आणलं होतं, चुरगळू नये म्हणून.

उघडून पाहिलं. वीसपैकी वीस.

मला इतका आनंद झाला की पुढचं न वाचताच ते घेऊन स्वयंपाकघरात आईला दाखवायला धावले. बघ, म्हटलं, कुणीतरी ओळखलं. हिचे वीस म्हणजे साधे वीस नव्हेत. ही स्वतःला तीन देणारी मुलगी आहे. आईने डोळे बारीक करून कागद लांब धरला आणि खालची ओळ वाचली. कारण: 'मॅडमची प्रगती समाधानकारक आहे.'

बाहेर आले. अनुजा पायरीवर उभी होती. मी विचारलं, खरंच वीस?

"व्हय मॅडम." लगेच म्हणाली. एवढंसुद्धा न थांबता.

मग म्हणाली, जाऊ? आणि गेली. सिद्धता समजली का असं विचारलं की ती असंच लगेच हो म्हणायची. मी पुढच्या प्रमेयाकडे वळायचे.

माझ्या यादीत तिचं नाव शेवटी लिहिलं. मग खोडलं. मग बराच वेळ त्या खोडलेल्या नावाखाली कुणाचं लिहावं ते कळेना.

रोजनिशी पहिल्यापासून चाळली. दोन जानेवारीपासून मी स्वतःला सोळाच्या खाली गुण एकदाही दिलेले नाहीत. सोळासुद्धा डोकं दुखत होतं तेव्हा, आणि तीस एप्रिलला, तेही लगेच सतरा केले. जादा तास ठरले अनेक, झाले शून्य.

आज ठरवलं, एकदा तरी तिच्यासारखं द्यायचं.

आजचे गुण: ३.

थोडा वेळ त्या आकड्याकडे पाहत बसले. करवंदं खाल्ली. खरं तर इतके कमी स्वतःला कोण देतं? याला धैर्य लागतं. मूल्यमापनाच्या दृष्टीनेही प्रामाणिकपणाचे वेगळे दहा गुण द्यायला काहीच हरकत नाही.

१३.